कमलेची कैफियत

नाटक, चित्रपट किंवा मालिका यांचे परीक्षण करताना प्रथम त्यांतील पात्रांची शिरगणती करावी, स्त्रिया किती, दलित किती, आदिवासी किती, अल्पसंख्य किती याचा तक्ता मांडावा आणि त्या तक्त्याच्या बेरजेवरून कलाकृतीच्या न्यायबुद्धीचा निवाडा करावा, अशी एक रीत अलीकडे रूढ होत चालली आहे. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीने तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उतरण्यासाठी प्रतिनिधित्वाच्या काही अटी २०२० साली जाहीर केल्या आणि २०२४ च्या पारितोषिकांपासून त्या बंधनकारक केल्या. आपल्याकडील जुन्या वळणाचे रसिक या रीतीची थट्टा करतात. कला म्हणजे काय नगरपालिकेची निवडणूक आहे की तिच्यात राखीव जागा ठेवाव्यात, असा त्यांचा सवाल असतो. ही थट्टा मला मान्य नाही, कारण ज्यांना आजवर कोणी मोजलेच नाही, त्यांच्या दृष्टीने मोजणी ही न्यायाची पहिली पायरी असते आणि पहिल्या पायरीची टवाळी सहसा माडीवर बसलेलेच करतात. तथापि ज्या नाटकाचा विषय पत्रकारितेची नीतिमत्ता हा आहे, त्याच्या बाबतीत ही शिरगणती फार लवकर थकते. एका माणसाने दुसऱ्याची हकीकत जगाला सांगावी, ती कोणत्या अधिकाराने सांगावी आणि सांगून झाल्यावर त्या दुसऱ्याचे काय व्हावे, हाच अशा नाटकाचा मामला असल्यामुळे, अमुक पात्र रंगमंचावर आले की नाही यापेक्षा त्याला प्रश्न विचारण्याचा, नकार देण्याचा आणि स्वतःची कैफियत स्वतः मांडण्याचा अधिकार मिळाला की नाही, हे तेथे पाहावे लागते.

या कसोटीसाठी मराठी वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे १९८१ चे नाटक आपल्या भाषेतच आहे, आणि ते अशा लेखकाचे आहे की ज्याने ‘मराठा’ आणि ‘लोकसत्ता’ यांसारख्या पत्रांच्या कचेऱ्यांत नोकरी केली होती, म्हणजे बातमी कशी घडते, ती कोणाच्या मर्जीने वाढते आणि कोणाच्या हुकुमाने दडपली जाते, हे ज्याला आतून ठाऊक होते. नाटकाचा उगमही वृत्तपत्रातच आहे. त्याच वर्षी ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा व्यापार उघडकीस आणण्यासाठी २,३०० रुपयांना एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली आणि त्या खरेदीची हकीकत प्रसिद्ध केली. कायद्याने जो गुन्हा ठरतो तो पुराव्यासाठी स्वतःच करावा काय, असा त्या वृत्ताने उभा केलेला प्रश्न देशभर चर्चिला गेला. तेंडुलकरांचा जयसिंग जाधव म्हणजे सरीन नव्हेत, आणि नाटकातील नीतिभ्रष्टतेचा दोष त्या वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु घटनेचा सांगाडा तोच आहे. दिल्लीच्या इंग्रजी पत्रसृष्टीत नाव कमावलेला हा मराठी माणूस तेव्हाच्या बिहारमधील लोहरदग्याच्या बाजारातून अडीचशे रुपयांना एक आदिवासी स्त्री विकत आणतो, बैलालाही याहून अधिक दाम पडतो असे अभिमानमिश्रित आश्चर्याने सांगतो, पत्रकार परिषदेत तिला पुराव्याची वस्तू म्हणून उभी करतो आणि काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात करतो.

आता प्रचलित रीतीने शिरगणती केली, तर ‘कमला’ला उत्तम गुण पडतील. शीर्षकस्थानी एक आदिवासी स्त्री आहे. नाटकाची खरी नायिका म्हणता येईल अशी जयसिंगाची पत्नी सरिता ही दुसरी स्त्री आहे. घरकाम करणारी कमलाबाई ही तिसरी आहे. सरिताचे काका, काकासाहेब, हे लहान गावी मराठी पत्र चालवणारे जुन्या निष्ठेचे संपादक असल्यामुळे राजधानीच्या इंग्रजी अहंकारासमोर प्रादेशिक भाषेचेही प्रतिनिधित्व झाले आहे. तक्त्याचे सारे रकाने भरले. पण भरलेल्या रकान्यांनी समाधान मानायचे, तर जयसिंगाच्या पत्रकार परिषदेलाही तेच प्रमाणपत्र द्यावे लागेल, कारण तेथेही आदिवासी स्त्री सर्वांच्या पुढे, सर्वांच्या नजरेसमोर, अगदी मध्यभागी उभी होती. प्रतिनिधित्व आणि प्रदर्शन यांतील हा भेद दाखवण्यासाठीच तेंडुलकरांनी नाटक लिहिले, आणि शिरगणतीला नेमका तोच दिसत नाही.

शिरगणतीहून किंचित सूक्ष्म अशी दुसरी एक कसोटी पाश्चात्य समीक्षेत प्रसिद्ध आहे. अमेरिकन व्यंगचित्रकर्ती ॲलिसन बेक्डेल यांनी १९८५ साली आपल्या चित्रमालिकेत ती विनोदाने मांडली, पण पुढे लोकांनी ती गंभीरपणे उचलली: कथेत दोन तरी स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि त्यांचे बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे. ‘कमला’तील ज्या प्रवेशासाठी हे नाटक स्मरणात राहिले आहे, तो प्रवेश या कसोटीला उतरत नाही. कमला आणि सरिता एकट्या असताना कमला तिला निर्व्याजपणे विचारते की मालकाने तुला केवढ्याला घेतले. सरिता क्षणभर गोंधळून सातशे रुपये असे उत्तर देते. कमलेला तो सौदा महाग वाटतो, आणि मग ती दोघींनी घरकामाची व मालकाच्या सहवासाची वाटणी कशी करून घ्यावी याची तजवीज सांगू लागते. या संभाषणाचा मध्यबिंदू पुरुषच आहे, आणि तरीही मराठी रंगभूमीवरील स्त्रीपुरुषसंबंधांविषयीचा इतका भेदक प्रश्न शोधून सापडणे कठीण, कारण पुस्तकी समतेच्या वातावरणात वाढलेल्या सुशिक्षित स्त्रीला जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते बाजारात विकल्या गेलेल्या निरक्षर स्त्रीला घरात पाऊल टाकताच दिसते. जयसिंगाचा मित्र जैन हा शोषणाविरुद्ध लढणाऱ्या वीराने घरी बायकोला गुलाम केले आहे असा विनोद सरितेच्या तोंडावर करतो आणि तो विनोद हवेत विरून जातो. तीच गोष्ट कमला विनोदाचा लवलेशही नसताना विचारते आणि घराचा पाया हलतो. संवादाचा विषय कोणता, हे मोजण्यापेक्षा त्या संवादाने कोणाच्या सत्तेला धक्का पोहोचला, हे पाहणे अधिक फलदायी असते, याला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

येथवर मी तेंडुलकरांचा वकील झालो. आता फिर्यादी पक्षाची बाजू मांडणे भाग आहे, आणि ती दुबळी नाही.

पहिला आरोप असा की, कमला ज्या क्षणी सरितेला जागे करते, त्याच क्षणी नाटकातील तिचे कार्य संपते. त्यानंतरचे नाटक सरितेचे आहे: तिची अस्वस्थता, तिचा पतीला पहिला नकार, पत्रकार परिषद भरवून नवऱ्याने घरी चालवलेली गुलामगिरी जगाला दाखवण्याची तिची इच्छा, आणि शेवटी वृत्तपत्राच्या मालकाने जयसिंगाला तडकाफडकी बडतर्फ केल्यावर, भग्न पुरुषाला आधार देत असतानाच स्वतःच्या मुक्तीच्या भावी दिवसावर तिने ठेवलेली निष्ठा. या साऱ्या प्रवासात कमला कोठे असते? ती आश्रमात असते, म्हणजे रंगमंचाच्या बाहेर, म्हणजे आपल्या विस्मृतीत. जयसिंगाने तिचा उपयोग एका बातमीसाठी केला आणि नाटकाने तिचा उपयोग एका मध्यमवर्गीय स्त्रीच्या आत्मबोधासाठी केला; पहिल्या उपयोगाला नाटक अनीती म्हणते, पण दुसऱ्याविषयी ते मौन पाळते. वार्ताहराने निदान २,३०० रुपये मोजले होते. नाटककाराला ती वृत्तपत्राच्या अंकाच्या किमतीत मिळाली, आणि दोघांपैकी कोणीही तिची संमती विचारली नव्हती, असे कोणी म्हटले तर ते कठोर असेल, पण निराधार म्हणता येणार नाही.

दुसरा आरोप तिच्या आदिवासीपणाविषयी आहे. लोहरदगा हा छोटा नागपूरच्या पठारावरील मुलूख; उराँव आणि मुंडा जमातींचा, कुडुख आणि मुंडारी भाषांचा, जमिनीसाठी आणि जंगलासाठी झालेल्या दीर्घ संघर्षांचा, बिरसा मुंडाच्या उलगुलानाच्या, म्हणजे महाबंडाच्या, स्मृतीचा. त्या मुलखाचा स्पर्श कमलेच्या व्यक्तिरेखेला जवळजवळ होत नाही. ती दरिद्री आहे, निरागस आहे, आज्ञाधारक आहे आणि गुलामगिरी हाच जगाचा स्वाभाविक क्रम आहे असे मानणारी आहे. म्हणजे शहरातील प्रेक्षकाने आदिवासी स्त्रीविषयी जे चित्र आधीच मनात बाळगलेले असते, त्याला ती कोठेही खोटे पाडत नाही. पत्रकार परिषदेत वार्ताहरांनी आदिवासींच्या लैंगिक आचाराविषयी तिला जे हीन प्रश्न विचारले, त्यांच्यावर नाटक संतापते, पण ज्या अज्ञानातून ते प्रश्न निपजतात, ते दूर करण्यासाठी लागणारी माहिती नाटकही पुरवीत नाही. सत्तेला आव्हान देणारे लढे आदिवासींच्या इतिहासात असताना एका आदिवासी स्त्रीच्या तोंडी केवळ अजाणतेपणी आव्हान ठरणारा प्रश्न घालावा, तिला जाणूनबुजून बंड करू देऊ नये, हा निर्णय लेखकाचा आहे, आणि त्याची जबाबदारी लेखकावरच येते.

तिसरा आरोप कमलाबाईविषयी आहे. घरातील मोलकरणीचे नाव आणि विकत आणलेल्या स्त्रीचे नाव एकच असावे, ही योजना सहेतुक असो वा नसो, तिच्यातून सुचणारा अर्थ विलक्षण आहे. तरीही सरितेच्या जागृतीचा प्रकाश स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही. स्वतःची किंमत सातशे रुपये सांगणाऱ्या मालकिणीला कमलाबाईचा पगार किती, असे विचारणारे पात्र नाटकात नाही, आणि ‘कमला’विषयीच्या एवढ्या विपुल समीक्षेत हा प्रश्न क्वचितच उमटलेला दिसतो, यावरून समीक्षकांचीही स्वयंपाकघरे कशी चालत असतील याचा अंदाज बांधता येतो.

या आरोपांवर बचाव पक्षाचे सर्वांत बळकट उत्तर असे आहे की, नाटकाने कमलेला जे नाकारले ते नाकारणे हेच त्याचे वास्तव आहे. पत्रकार परिषद रंगमंचावर दाखवलीच जात नाही. जयसिंग आणि जैन घरी परतून, हसत, तिच्या तोंडची उत्तरे गंमत म्हणून सांगतात आणि काकासाहेब अस्वस्थ होतात, एवढेच आपण पाहतो. तेंडुलकरांनी तो प्रसंग दाखवला असता, तर प्रेक्षकही त्या वार्ताहरांच्या रांगेत बसले असते. तो पडद्याआड ठेवून त्यांनी कमलेचे दुसरे प्रदर्शन टाळले आणि आपली नजर हसणाऱ्या पुरुषांवर रोखली. हा संयम थोर आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण ज्या संयमाने तिची विटंबना झाकली, त्याच संयमाने तिची जबानीही झाकली, हेही तितकेच खरे आहे. तिला काय विचारले हे आपल्याला कळते, तिने काय सांगितले हेही कळते, पण ते दोन्ही पुरुषांच्या तोंडून, त्यांच्या हास्याच्या मिश्रणासह. साक्षीदार हयात असताना ऐकीव पुरावा ग्राह्य धरू नये, हा कचेरीचा साधा नियम येथे पाळला गेलेला नाही.

माझे मत असे की नीतीच्या परीक्षेत हे नाटक मानाने उत्तीर्ण होते आणि प्रतिनिधित्वाच्या परीक्षेत अर्ध्या वाटेवर थांबते. आणि या दोन गुणपत्रिका एकमेकींपासून निराळ्या ठेवण्याचे धैर्य परीक्षकांनी दाखवावे. श्रेष्ठ कलाकृतीला सर्व विषयांत पैकीच्या पैकी गुण देण्याची आपली सवय भक्तीची आहे, परीक्षणाची नव्हे.

मात्र रंगमंचावरील पात्रांपेक्षा ज्या कार्यालयांतून बातम्या निघतात तेथील उपस्थितीचा प्रश्न निराळा आहे, आणि तेथे मी शिरगणतीचा कट्टर पुरस्कर्ता आहे. पत्रकार बी. एन. उनियाल यांनी १९९६ साली ‘पायोनिअर’मध्ये एक लेख लिहिला, एका परदेशी वार्ताहराने त्यांना दलित पत्रकार शोधून देण्यास सांगितले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या दीर्घ कारकिर्दीत असा एकही सहकारी आपल्याला भेटला नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत वृत्तसंस्थांतील नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय आढळले, आणि अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती आढळली नाही. हे आकडे समोर ठेवून ‘कमला’ वाचली म्हणजे जयसिंगाचा अपराध व्यक्तिगत उरत नाही. त्याच्या कचेरीत छोटा नागपूरचा एक जरी सहकारी असता, तरी अडीचशे रुपयांच्या खरेदीची कल्पना मांडल्यावर त्याला कोणीतरी टोकले असते. नीती ही एकट्या माणसाच्या अंतःकरणात वसते अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात शेजारच्या मेजावर कोण बसले आहे यावरही ती पुष्कळ अंशी ठरत असते.

हे सत्य महाराष्ट्राला फार पूर्वी उमगले होते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले, आणि पुढे त्याच पत्राचे संपादन तानुबाई बिर्जे या स्त्रीने केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला, छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते, आणि ‘केसरी’ने या नव्या पत्राची जाहिरात मोबदला घेऊनही छापण्यास नकार दिला होता. दुसऱ्याच्या पत्रात आपले चित्रण सुधारावे म्हणून अर्जविनंत्या करीत बसण्याऐवजी स्वतःचे पत्र काढावे, हा त्या सर्वांचा निर्णय होता. भिल्ल समाजातील कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेने ज्या व्यासपीठाचा प्रश्न केला, त्याचेही मूळ हेच आहे: ज्यांच्या नावाने मंच उभारला जातो, त्यांना त्यावर बोलावणे जाते की नाही.

या परंपरेचा आजचा वारसा बुंदेलखंडातील ‘खबर लहरिया’ने चालवला आहे. चित्रकूटमध्ये २००२ साली सुरू झालेले हे पत्र ग्रामीण स्त्रिया चालवतात, आणि त्यांत दलित स्त्रियांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यावर रिंतू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट काढला. सनडान्स महोत्सवात २०२१ साली तो गौरवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनांत पोहोचला. शिरगणती करणाऱ्या परीक्षकाला याहून निर्दोष उदाहरण मिळणे नाही. पण त्या सोहळ्याच्या तोंडावरच, मार्च २०२२ मध्ये, ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढून सांगितले की, आमचे काम एकाच राजकीय पक्षावर रोखलेले असल्याचा आभास या चित्रपटाने निर्माण केला आहे, आणि ही आमची संपूर्ण कहाणी नव्हे. दिग्दर्शकांची बाजू अशी की, वर्षानुवर्षांच्या चित्रीकरणातून काय निवडावे हा कलावंताचा अधिकार आहे. तो मलाही मान्य आहे, आणि पत्रकारालाही रोज असाच अधिकार वापरावा लागतो. तथापि या वादात कोणाची बाजू अधिक खरी, हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, आपल्या गौरवार्थ काढलेल्या, जगभर वाखाणलेल्या चित्रणावर हरकत घेण्याचे सामर्थ्य या स्त्रियांजवळ होते, कारण हरकत छापण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागले नाही. कमलेजवळ नेमके हेच नव्हते. तिच्याविषयी वार्ताहराने लिहिले, नाटककाराने लिहिले, १९८४ साली जगमोहन मुंदडा यांनी दीप्ती नवल यांना तिच्या भूमिकेत घेऊन चित्रपट काढला, आणि आता मीही हा लेख लिहीत आहे. या साऱ्या दप्तरात तिची स्वतःची एकही ओळ नाही.

म्हणून पत्रकारितेच्या नीतीवरील नाटकाचे परीक्षण करताना मी तक्त्यात चार रकाने वाढवावेत असे सुचवीन: ज्याची हकीकत सांगितली जात आहे त्याला सांगणाऱ्याला प्रश्न विचारता येतो काय; तो नाही म्हणू शकतो काय; बातमी छापून झाल्यावर त्याचे पुढे काय झाले हे कथानकाला ठाऊक आहे काय; आणि कथा रचणाऱ्या मंडळींत त्याच्या जगातून आलेला कोणी आहे काय. ‘कमला’ पहिल्या रकान्यात तेजस्वी गुण मिळवते, आणि उरलेल्या तिन्ही रकान्यांत तिच्या पदरी शून्याच्या आसपासच काही पडते. एवढ्यावरून ते नाटक कपाटात बंद करावे असे कोणी म्हणेल, तर मी कडाडून विरोध करीन. उलट ते वारंवार व्हावे, त्यातील एक अक्षर न बदलता व्हावे. परंतु ज्या संस्था ते करतील त्यांनी कमलेच्या भूमिकेसाठी आदिवासी समाजातील अभिनेत्रीचा शोध घ्यावा, तालमींत त्या समाजातील जाणत्यांना बोलवावे, त्यांच्या हरकती ऐकून घ्याव्यात आणि त्या प्रयोगाच्या पुस्तिकेत जशाच्या तशा छापाव्यात. आणि जी वृत्तपत्रे त्या प्रयोगावर परीक्षणे लिहितील, या पत्रासह, त्यांनी परीक्षणाच्या शेजारी आपल्या संपादकवर्गाची शिरगणतीही प्रसिद्ध करावी. कारण नाटकाला जे प्रश्न विचारण्याचा हक्क आपण बजावतो, त्यांची उत्तरे देण्याची पाळी प्रथम आपलीच आहे.